आईला करंटची भीती वाटते, तिला सिटिंगला नेऊ का?

वाचकाचं पत्र

ताई, मी जळगावला राहते. माहेर अमळनेर तालुक्यातलं. माझी आई ६१ वर्षांची आहे. तिचं सगळं आयुष्य शेतात गेलं, निंदणीत आणि कापूस वेचण्यात. दोन वर्षांपासून तिचे दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गुडघ्याची झीज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपीच्या दहा सिटिंग लिहून दिल्या. आम्ही चौकशीला गेलो तर तिथं सांगितलं, "आधी शेक देऊ, मग करंट लावू." करंट म्हटल्याबरोबर आई उठलीच. "माले नको तो करंट," एवढंच बोलते आणि विषय बंद करते. माझे काका विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, ते तिनं डोळ्यांनी पाहिलंय. त्यात शेजारच्या बाईंनी सांगितलं, की डोक्याच्या पेशंटला देतात तोच हा शॉक. आईला दहा वर्षांपासून शुगरही आहे. तिथं नेमकं काय करतात? दुखतं का? एकदा घेतला की त्याची सवय लागते, हे खरं का? आणि ऑनलाइन छोटं मशीन मिळतं, ते आणून घरीच लावलं तर चालेल का?

— एक लेक, जळगाव

उत्तर

ताई, तुमच्या आईंनी जे पाहिलंय, त्यानंतर त्या करंटला घाबरल्या नसत्या तरच नवल. त्यामुळे त्यांना "काही होत नाही गं, चल" असं म्हणून ओढत नेऊ नका. घरातला माणूस विजेनं गेलेला असताना "काही होत नाही" हे वाक्य त्यांना खोटंच वाटणार. शेतातल्या विजेत आणि या मशीनच्या विजेत फरक काय, ते त्यांना नीट सांगा. आयुष्यभर मोटार चालू-बंद केलेल्या बाईला तो लगेच कळेल.

विहिरीवरच्या मोटारीची वीज सिंगल फेजला २३० व्होल्टची असते, थ्री फेजला ४०० च्या आसपास. हात ओला, पाय ओल्या मातीत, आणि स्टार्टरची बॉडी करंट मारत असेल तर वीज हातातून शिरते आणि पायातून जमिनीत उतरते. तिच्या वाटेत छाती येते, छातीत हृदय असतं. शिवाय ती वीज सलग वाहते, स्नायू आवळले जातात आणि माणसाला हात सोडवता येत नाही. जीव जातो तो या कारणांनी.

गुडघ्याला लावतात त्या मशीनचे पॅड गुडघ्याच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात. वीज एका पॅडमधून निघून दुसऱ्या पॅडमध्ये जाते, मधलं अंतर वीतभरसुद्धा नसतं. तिच्या वाटेत छाती येत नाही. ती सलगही नसते, बारीक बारीक ठोक्यांनी येते, आणि एक ठोका सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा असतो. तिची ताकद मिलीअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि ती शून्यापासून सुरू करून पेशंटला विचारत विचारत वाढवतात. हातात मावणारी छोटी मशीन तर ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. दवाखान्यातलं मोठं मशीन भिंतीच्या प्लगवर चालत असलं, तरी भिंतीतली वीज थेट पेशंटपर्यंत येऊ नये अशीच त्याची रचना केलेली असते.

शेजारच्या बाई म्हणतात तो उपचार वेगळा. तो मेंदूसाठी असतो, मनोविकारतज्ज्ञ भूलतज्ज्ञाच्या मदतीनं देतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देताच येत नाही. तीव्र नैराश्यात त्यानं माणसं सावरतात, म्हणून त्याचंही नाव कुणी घाबरवायला घेऊ नये. तुमच्या आईंच्या गुडघ्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता नेमकं काय होतं ते सांगते, आणि घरून निघण्यापासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे निम्म्या अडचणी तिथंच तयार होतात. गुडघा दुखायला लागला की पहिल्यांदा त्याच्यावर घरातलं सगळं लावून होतं: तेल, बाम, रुईचं गरम पान, कुणी सांगितला तर बिब्बा. तेलकट कातडीवर पॅड नीट चिकटत नाही, करंट सगळीकडे सारखा न पसरता एकाच जागी टोचतो. बाम लावलेल्या जागी आधीच आग होत असते, त्यात शेक आणि पॅडची भर पडली की कातडी लालबुंद होते. म्हणून त्या दिवशी गुडघे साबणानं धुऊन कोरडे करून न्या. बिब्ब्यानं किंवा रुईच्या चिकानं कातडी उतली असेल, फोड असतील, तर त्या जागी पॅड लावायचाच नाही, जखम भरेपर्यंत थांबायचं. आईंनी असं काही केलं असेल आणि लाजून लपवलं असेल, तर घरातच प्रेमानं विचारून घ्या. शुगर असलेल्या माणसाची बिब्ब्याची जखम चिघळायला वेळ लागत नाही.

उपाशीपोटी नेऊ नका. एकादशी असो की चतुर्थी, शुगरच्या गोळ्या चालू असताना रिकाम्या पोटी घाम येऊन चक्कर आली, तर दोष करंटच्या माथी बसतो आणि आई पुन्हा तिथं पाऊल टाकणार नाहीत. साडी मांडीपर्यंत वर घ्यावी लागते. पातळातल्या बायकांना याचा संकोच वाटतो, आणि कित्येकजणी दुखण्यापेक्षा या संकोचापायी उपचार सोडतात. म्हणून आधीच फोन करून विचारा की पडदा आहे का, मॅडम आहेत का. मॅडम नसतील तर तुम्ही आत आईंजवळ बसू शकता का, हेही विचारा. नाही म्हटलं तर दुसरं केंद्र बघा. पायातले तोडे, जोडवी काढायची गरज नसते, कारण पॅड गुडघ्यावर असतात.

पहिल्या दिवशी मशीनला हात लावण्याआधी बरंच विचारलं पाहिजे. हृदयात पेसमेकर आहे का? फिट येतात का? कधी गाठ, कॅन्सर झाला होता का? पोटरीला सूज येते का, रक्ताची गुठळी झाली होती का? कातडीला कशाची ॲलर्जी आहे का? तरुण बाई असेल तर दिवस गेलेत का, हेही विचारतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी हा उपचार हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचाच नाही. कॅन्सरच्या गाठीवर, रक्ताच्या गुठळीवर, गर्भारपणी पोटावर किंवा कमरेवर, आणि गळ्याच्या पुढच्या भागावर पॅड लावत नाहीत. हे कुणी विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा. काहीच न विचारता थेट "झोपा, पॅड लावतो" म्हणणाऱ्या केंद्रात मी माझ्या घरच्या माणसाला ठेवणार नाही.

तुमच्या आईंच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट शुगर आहे. दहा वर्षांच्या शुगरमध्ये पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, गरम फरशी भाजत नाही. अशा पायाला शेक जास्त गरम झाला किंवा करंट जास्त झाला तरी माणूस सांगू शकत नाही, कारण त्याला जाणवतच नाही. म्हणून डोळे मिटायला सांगून आधी कापसानं, मग टोकदार-बोथट वस्तूनं गुडघ्याजवळ स्पर्श करून बघतात. गरम-गार कळतं का तेही बघतात. ही तपासणी दोन-तीन मिनिटांची असते, पण ती झालीच पाहिजे. नाही केली तर तुम्ही म्हणा, "आईला शुगर आहे, आधी स्पर्श कळतो का ते बघा." हा तुमचा हक्क आहे. स्पर्श कळत नसेल तर शेक आणि करंट दोन्ही टाळून थेट व्यायामावर जाता येतं, त्यात काही बिघडत नाही.

बहुतेक ठिकाणी आधी शेक देतात. गरम पाण्यातून काढलेली जाड गादीसारखी पिशवी टॉवेलच्या घड्यांत गुंडाळून गुडघ्यावर ठेवतात, १५-२० मिनिटं. अडावदजवळच्या उनपदेवला गरम झऱ्याच्या पाण्यानं आराम पडलेली माणसं आपल्या भागात घरोघरी सापडतील. उष्णतेनं रक्त खेळतं, आखडलेले स्नायू सैल होतात, तेच इथं होतं. शेक कोमट आणि सुखाचा वाटला पाहिजे. चटका बसत असेल तर लगेच सांगायचं, घड्या वाढवता येतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा कुणालाही शेक नकोसा वाटतो. तेव्हा तो नाही घेतला तरी चालतो, तसं सांगायला लाजू नका.

मग पॅड. काही मशीनला दोन असतात, काहींना चार. दोन पॅडच्या साध्या मशीनला टेन्स म्हणतात. चार पॅडचं बहुधा आयएफटी असतं. आयएफटीमध्ये दोन वेगवेगळे करंट गुडघ्यात एकमेकांना आडवे जाऊन मिळतात, एक सेकंदाला ४००० लहरींचा आणि दुसरा समजा ४१०० लहरींचा. त्यांच्या फरकातून आत १०० चा ताल तयार होतो. एवढ्या वेगाच्या लहरींना कातडी कमी अडवते, म्हणून तो वरवर कमी टोचतो. गुडघ्यासाठी कुठलाही लावला तरी अनुभव जवळपास तोच, त्यामुळे "आम्हाला तेच मशीन पाहिजे" असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पॅड काळ्या रबराचे असतील तर खाली पाण्यात भिजवलेला स्पंज किंवा जेल लागतं. पॅड पूर्ण टेकला नाही, कडेनं उचलला गेला की टोचतं. म्हणून वरून पट्टा बांधतात. पॅड लागल्यावर आईंनी पाय हलवायचा नाही, आणि पॅडला हातही लावायचा नाही.

बटण फिरवायला सुरुवात होते तेव्हा थोडा वेळ काहीच जाणवत नाही. मग हलकेच मुंग्या. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय सोडताना येतात तशाच, पण पॅडच्या खाली आणि त्यांच्या मधल्या भागातच. आपल्याकडच्या आज्या अगदी बरोबर सांगतात, "मुंग्या चाली राहिन्यात." तेवढंच अपेक्षित आहे. ताकद वाढवत नेली की त्या मुंग्या ठळक होतात, थरथर जाणवते. ठळक, पण सुखानं सोसवेल अशी, तिथं थांबायचं. चावल्यासारखं, भाजल्यासारखं, सुई टोचल्यासारखं वाटलं तर काहीतरी चुकतंय: करंट जास्त झालाय, पॅड सुटलाय किंवा स्पंज कोरडा पडलाय. तीन-चार मिनिटांनी मुंग्या कमी झाल्यासारख्या वाटतात. मशीन बंद पडलेलं नसतं, नसांना त्या ठोक्यांची सवय झालेली असते. तेव्हा थोडं वाढवून घेता येतं. एकूण १५-२० मिनिटं चालतं.

इथं माझं आईंना कळकळीचं सांगणं आहे. हा करंट किती द्यायचा हे मशीन ठरवत नाही, डॉक्टरही एकटे ठरवत नाहीत, ते तुमच्या तोंडच्या शब्दावर ठरतं. खान्देशातली शेतकरी बाई काटा रुतला तरी ओठ मिटून काम पुरं करते. तीच सवय घेऊन ती टेबलावर झोपते आणि "कसं वाटतंय आजी?" म्हटलं की "बरं वाटस" म्हणते, मग भाजत असलं तरी. साहेबाला काय त्रास द्यायचा, त्यांना जास्त कळतं, असा विचार मनात असतो. काहीजणी त्याच्या उलट करतात: पैसे भरलेत तर पूर्ण जोरात लावा, जास्त करंट म्हणजे जास्त गुण. दोन्हींत नुकसान आहे. जास्त करंटनं जास्त आराम मिळत नाही, स्नायू उगाच आवळतात आणि कातडी दुखावते. म्हणून घरीच आईंकडून वदवून घ्या: "कमी करा", "बस", "थोडं वाढवा", "बंद करा". हे चार शब्द त्यांनी मोठ्यानं बोलायचे आहेत. पुष्कळ केंद्रांत पेशंटच्या हातात बंद करण्याचं बटण किंवा बोलावण्याची घंटी देतात. आईंना ते बटण पहिल्याच दिवशी हातात घेऊन दाबून बघू द्या. ज्या विजेनं काका गेले ती त्यांना बंद करता आली नव्हती. ही बंद करणं आपल्या हातात आहे, हे एकदा स्वतः अनुभवलं की निम्मी भीती जाते असं मी पुष्कळ पेशंटमध्ये पाहिलंय.

आणखी एक करता येईल. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्टना सांगा की आधी पॅड माझ्या हाताला लावा, आई बघेल. कुठलाही समंजस माणूस नाही म्हणणार नाही. आईंनी पहिल्याच दिवशी पूर्ण वीस मिनिटं घेतली पाहिजेत असंही नाही. पाच मिनिटं घेऊन उठल्या तरी चालेल.

लाईट जाण्याचंही सांगून ठेवते, कारण आपल्याकडे तो रोजचाच विषय आहे. मध्येच लाईट गेली तर मशीन बंद पडतं, त्यानं अंगाला काही होत नाही. पण जुन्या, फिरवायच्या बटणाच्या मशीनवर बटण होतं तिथंच राहिलं आणि लाईट आली, तर एकदम झटका बसू शकतो. अपाय होईल असा नसतो, पण तुमच्या आईंसाठी तो एक झटका पुरेसा आहे. म्हणून लाईट गेली की बटण शून्यावर आणायला सांगायचं आणि लाईट आल्यावर पुन्हा हळूहळू वाढवायचं.

पॅड काढल्यावर कातडी थोडी गुलाबी दिसते, तासाभरात मावळते. लाली दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली, खाज सुटली किंवा फोड आला तर पुढच्या सिटिंगला आधी तेच दाखवायचं. टेबलावरून उठताना दोन मिनिटं काठावर बसून मग उभं राहायचं. गाडी, एसटी, स्वयंपाक, काही वर्ज्य नाही.

दुखणं कमी कसं होतं? लहान मूल पडलं की आपण त्याचा गुडघा चोळतो आणि ते शांत होतं. चोळण्याचा स्पर्श जाड नसांमधून मज्जारज्जूपर्यंत आधी पोचतो आणि दुखण्याचा निरोप तिथंच काही प्रमाणात अडवला जातो. कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटनचे पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये ही मांडणी केली आणि त्यातूनच पुढे टेन्सची मशीन आली. करंटच्या मुंग्या त्याच जाड नसांना जाग्या करतात. ताल कमी ठेवून, सेकंदाला दोन-चार ठोके दिले तर शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्यंही सुटतात. विजेनं दुखणं शमवणं तसं फार जुनं आहे. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानं विजेचा झटका देणारा समुद्री मासा डोकेदुखीवर आणि पायाच्या गाऊटवर वापरायला सांगितल्याची नोंद आहे.

पण ताई, हा आराम निरोप अडवल्याचा आहे. गुडघ्याची झीज भरून निघाल्याचा नाही. करंटनं कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, पुन्हा तयार होत नाही, हाडांमधलं अंतर वाढत नाही. तसं कुणी सांगून मोठं पॅकेज गळ्यात मारत असेल तर ते खरं नाही. २०२२ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात टेन्सच्या ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. टेन्स चालू असताना आणि काढल्यावर लगेच वेदना कमी होते, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं सांध्यांच्या झिजेसाठीची मार्गदर्शिका काढली. विजेच्या उपचारांचा पुरेसा पुरावा नाही म्हणून ते देऊ नका, व्यायाम आणि वजन यांवर भर द्या, असं तिनं म्हटलं. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की मला तरी अर्थ स्पष्ट दिसतो: करंट थोड्या वेळापुरता आराम देतो, आणि त्या थोड्या वेळात काय करता यावर सगळं आहे.

सततच्या पावसात दोन दिवस उघडीप मिळाली की शेतकरी ती झोपून घालवत नाही, कोळपणी उरकून घेतो. करंटनंतरच्या एक-दोन तासांची उघडीप तशीच वापरायची. दुखत असतं तेव्हा आई पाय सरळ करायला, मांडीचा स्नायू आवळायला तयार नसतात. दुखणं दबलंय तोवर ते करून घ्यायचं. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा ताण तो वाटून घेतो.

त्यामुळे सिटिंगमध्ये शेक आणि करंट देऊन "उद्या या" म्हणत असतील तर विचारा, "व्यायाम कधी शिकवणार?" साधेच असतात. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची, सोडायची, असं दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग हात न टेकता खुर्चीतून उठून पुन्हा बसायचं, सुरुवातीला उंच खुर्ची घ्या. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. पण व्यायामानंतरचं वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर संख्या कमी करायची. हे सकाळ-संध्याकाळ घरी केलं तर दहा सिटिंगचं चीज होतं. नाही केलं तर अकराव्या दिवशी गुडघा पुन्हा होता तिथं.

घरातही थोडं बदला. उकिडवं बसून भांडी घासणं, चुलीपुढे खाली बसून भाकरी थापणं, देशी संडासात बसणं, या तीन गोष्टी झिजलेल्या गुडघ्याला फार जड जातात. शेगडी ओट्यावर घ्या, संडासात कमोडची खुर्ची ठेवा. माहेरी भाऊ-भावजय असतील तर हे तुम्ही भावाशी बोला, आईंनी सुनेला सांगावं अशी वेळ आणू नका. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो. शुगरसाठीही तेच हवं आहे.

दहा सिटिंग लिहिल्या म्हणजे दहाच्या दहा घ्याव्याच लागतात असं नाही. पाच झाल्यावर फिजिओथेरपिस्टशी बसून बोला: जिना चढताना फरक पडला का, रात्री झोप लागते का, किती चालता येतं. काहीच फरक नसेल तर तेच पुढे रेटण्यापेक्षा करंट थांबवून व्यायामाला वेळ द्या. आणि उपचार देणारी व्यक्ती फिजिओथेरपीची पदवी घेतलेली आहे का, तिची राज्य परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं, वाचा. काही ठिकाणी मशीन लावायला नुसता मदतनीस मुलगा असतो, तो शुगरच्या पायाची तपासणी करणार नाही.

गुडघा अचानक लाल होऊन तापला, ताप आला, पायावर भार देता येईना, किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, तर सिटिंगची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. असल्या पायाला करंटही नको, मालिशही नको.

सवय लागते का, हे तुम्ही विचारलंय. व्यसनासारखी सवय लागत नाही, सोडल्यावर दुखणं आधीपेक्षा वाढतही नाही. उलट होऊ शकतं: रोज त्याच तालावर, त्याच ताकदीनं लावत राहिलं तर काही दिवसांनी त्याचा असर कमी होतो. म्हणून जाणकार माणूस ताल बदलत राहतो.

घरच्या मशीनचं म्हणाल तर आत्ता घेऊ नका. आईंना स्पर्श नीट कळतो का, करंटनं त्यांना खरंच आराम पडतो का, पॅड नेमके कुठं लावायचे, हे आधी केंद्रात कळू दे. चार-पाच सिटिंगनंतर चांगला आराम पडतोय असं दिसलं, आणि रोज गावाहून अमळनेरला जाणं-येणं जड होत असेल, तर फिजिओथेरपिस्टना विचारूनच टेन्सचं छोटं मशीन घ्या. त्यांच्या समोर एकदा तुम्ही आणि आई दोघींनी लावून बघा, आणि पॅडच्या जागा बॉलपेननं गुडघ्यावर आखून फोटो काढून ठेवा. गळ्यावर, छातीवर, डोक्यावर कुणीही लावायचं नाही. घरात कुणाचं डोकं दुखतंय, नातवाचं पोट दुखतंय म्हणून पॅड फिरत राहतात, तसं होऊ देऊ नका. झोपताना लावायचं नाही, ओल्या अंगानं लावायचं नाही. पॅडचा चिकटपणा गेला की नवीन घ्यायचे, सेलोटेपनं चिकटवायचे नाहीत. मशीन चार्जिंगचं असेल तर वायर प्लगमध्ये असताना अंगाला लावायचं नाही. ही शेवटची गोष्ट मात्र आईंना तुम्हाला सांगावी लागणार नाही, त्याच घरातल्या सगळ्यांना बजावतील.